पंचावन्नातली कुमुद

१ जानेवारी २०२५, बुधवार
ही डायरी कंपनीची, २०१४ ची. माळ्यावर कोरी सापडली. २०१४ आणि २०२५ चे वार तंतोतंत जुळतात, कॅलेंडर ताडून पाहिलं. वाया घालवायचं कारण नाही.

कुमुदला जाऊन आज एकशे बारा दिवस झाले.

गंधारने बंगलोरहून एक लेख पाठवला आहे. "बाबा, आता स्वतःकडे लक्ष द्या," एवढंच वर लिहिलं होतं. लेख इंग्रजीत, डिमेन्शियावर, म्हणजे कुमुदच्या विसरण्याच्या आजारावर. परदेशी डॉक्टरांच्या समितीने चौदा कारणं काढली आहेत. ती आयुष्यभर सांभाळली तर शंभरातल्या पंचेचाळीस केसेस टळतात किंवा निदान पुढे ढकलता येतात. मुलांना अशा लेखातला पंचेचाळीसचा आकडा दिसतो. मला पंचावन्न दिसला. पंचावन्न केसेसमध्ये कोणी काहीही केलं तरी काही होत नाही.

कुमुद पंचावन्नातली होती. हे सिद्ध करायचं आहे.

सत्तावीस वर्षं अंबरनाथच्या केमिकल कंपनीत क्वालिटी कंट्रोल केलं. बॅच फेल झाली की मूळ कारण शोधून अहवाल द्यायचा, हेच काम होतं. माझा एकही अहवाल परत आला नाही. हा ३१ जानेवारीपर्यंत पूर्ण करीन.

शिवाय स्वतःसाठी: रोज सकाळी एक तास वॉक. रोज एक शब्दकोडं. रोज एका माणसाशी बोलणं.

२ जानेवारी
वॉक नाही. पहाटे एमआयडीसीकडून वास येत होता. प्रदूषित हवा हे चौदांपैकी एक कारण आहे. म्हणजे व्यायामाचा फायदा आणि हवेचा तोटा. जमत नाही.

शब्दकोडं: निम्मं. बाकीचे शब्द चुकीचे असावेत.

४ जानेवारी
चहाच्या गाळण्याची जाळी निघाली. माळ्यावर खोकं आहे त्यातून नवीन काढलं. स्टीलची, एकसारखी, साठेक असावीत. हे मी त्यातलं काढलेलं तिसरं. दोन माणसांच्या घरात साठ गाळणी. गरज नसताना साठवणूक करणं हे या आजाराचं लक्षण असू शकतं. नोंद घेतली.

६ जानेवारी
तक्ता केला. चौदा ओळी. पुढे "लागू" आणि "लागू नाही".

शिक्षण: बी.ए. लागू नाही. डायबिटीस, सिगारेट, दारू, लठ्ठपणा, डोक्याला मार: नाही. कोलेस्टेरॉल ठीक. बीपीची गोळी वेळेवर. दृष्टी: मोतीबिंदू काढला होता. व्यायाम: घरकाम भरपूर. हवा: लागू आहे, पण हीच हवा सगळं अंबरनाथ घेतं, म्हणून लागू नाही. डिप्रेशन: शांत असायची. लागू नाही.

ऐकू कमी येणं: टीव्ही मोठा लावायची, मी लहान करायचो. दिवाळीनंतर कानाच्या डॉक्टरकडे जायचं ठरलं होतं. कुठल्या दिवाळीनंतर ते ठरलं नव्हतं. "पुरावा अपुरा" असं लिहिलं.

एकटेपणा: घरात आम्ही दोघं होतो. दोन माणसं असताना एकटेपणा कसा म्हणणार. लागू नाही.

तक्ता छान दिसतो. पण तक्ता म्हणजे मत झालं. आकडे हवेत.

१० जानेवारी
मोठा शोध. कंपनीत प्रत्येक बॅचचा थोडा माल बाटलीत भरून वर्षानुवर्षं ठेवतात. पुढे तक्रार आली की तो नमुना काढून तपासायचा. कुमुदचेही नमुने निघाले. दर वर्षी मी तिला कंपनीची नवी डायरी द्यायचो. त्यात ती फक्त एक गोष्ट लिहायची: संक्रांतीनंतरच्या हळदीकुंकवाची यादी. कुणाकुणाला बोलवायचं, फ्लॅट नंबरासकट.

२००५: ५८ नावं. २००९: ६३. २०१३: ६१. २०१४ ची डायरी नाही, नमुना गहाळ. २०१५: ९. २०१६: ४. २०१७: १. पुढे कोरं.

ग्राफ काढला. २०१३ पर्यंत सरळ रेषा आणि मग कडा कोसळल्यासारखी खाली. डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं २०१९ मध्ये. म्हणजे पाच-सहा वर्षं आधीच नावं विसरायला लागली होती आणि तिने ते कोणाला कळू दिलं नाही. मग मला कसं कळणार? मी बारा-बारा तास प्लांटवर.

आज बरी झोप लागेल.

१२ जानेवारी, रविवार
गंधारचा फोन. दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी असतो. ग्राफबद्दल सांगितलं. तो म्हणाला, "बाबा, हा रिपोर्ट मागितलाय कोणी?" मी म्हटलं, अहवाल मागायची वाट पाहायची नसते. मग राजसीने फोन घेतला. सूनबाई रोज विचारल्यासारखं विचारते: "बाबा, जेवता ना नीट?" जेवतो म्हटलं. एकूण चार मिनिटं.

१४ जानेवारी
संक्रांत. शेजारच्या वेणूताई अर्ध्या उघड्या दारातूनच तिळगूळ देऊन गेल्या. मी थँक्यू म्हटलं. आजचं माणसाशी बोलणं झालं.

१८ जानेवारी
अंबरनाथ पूर्वेला एका हॉलमध्ये साठीपुढच्या लोकांच्या स्मरणशक्तीची पाहणी चालू आहे. कुठल्याशा संशोधन संस्थेची. नेत्रा नावाची मुलगी फॉर्म भरून घेते. हुशार वाटली. तिला ग्राफ दाखवला.

तिने बराच वेळ पाहिला. म्हणाली, "सर, काय मस्त डेटा आहे हा!" बऱ्याच वर्षांनी कोणी असं म्हटलं. मग म्हणाली, "पण नाव यादीत नाही म्हणजे त्या विसरल्याच असं कसं? बोलवायचं नसेल म्हणूनही लिहिलं नसेल ना. त्या यादीतल्या कोणाला तरी विचारून बघा."

तरुण आहे. प्लांटवर काम केलेलं नाही.

पाहणीत मी स्वतःही नाव देणार आहे. अडचण एकच. फॉर्मवर माहिती देणारी व्यक्ती लागते: जी तुम्हाला दहा वर्षं ओळखते, आणि आठवड्यातून एकदा तरी भेटते. माणसाला स्वतःची स्मरणशक्ती स्वतः सांगता येत नाही, म्हणून ती दुसऱ्याला विचारायची. मी म्हटलं, उद्या आणतो नाव.

२१ जानेवारी
फॉर्मसाठी माणूस शोधतो आहे. गंधार: भेट नाही. शिवाय त्याच्या दहावीनंतरचं मला फारसं माहीत नाही, तसंच त्याला माझं.
वेणूताई: २०१८ ला आल्या.
दिपेश दूधवाला: विचारलं. म्हणाला, "अंकल, मैं तो थैली टांगतो आणि जातो. तुमचा चेहरापण आज नीट बघितला."

२४ जानेवारी
प्लांटमधल्या देवदत्तांची आठवण झाली. शेजारच्या टेबलावर एकोणीस वर्षं. फोन लावला. त्यांच्या मुलाने उचलला. दोन वर्षांपूर्वी गेले म्हणाला. कळवलं होतं म्हणाला.

वॉक: उद्यापासून.

३१ जानेवारी
अहवालाला पंधरा दिवस मुदतवाढ दिली. कंपनीतही देत असू.

१ फेब्रुवारी, शनिवार
आज पानावर जागा नाही. समासात लिहितो आहे.

हे पान कोरं नाही. निळ्या पेनाने, कुमुदचं अक्षर. वर: "१ फेब्रु., शनिवार. हळदीकुंकू. सायं. ५." खाली नावं. मोजली. ५६.

गहाळ नमुना हाच. महिनाभर मी त्याच्यावरच लिहीत होतो. पुढची पानं चाळायची मला सवय नाही.

शालन, पहिलं नाव. (खाली जाऊन सांगणे, फोनवर नको.) तीनशे चारच्या काकू, शुगर, वडी नको, फक्त वाण. वरची नवीन सून, नाव विचारणे. असं छप्पन्न जणींचं. एक फ्लॅट नंबर चुकलेला नाही. शेवटी "वाण आणलं".

मग सगळ्या यादीवर एक तिरकी रेघ. रेघेखाली: "रद्द. यांना आवाज सोसत नाही."

२ फेब्रुवारी
शांतपणे विचार केला. ६१ वरून ५६ म्हणजे आठ टक्के घट. सुरुवात इथेही धरता येईल.

दुपारी दोन्ही याद्या ताडल्या. गळलेल्या सहा नावांपैकी चार कुटुंबं बिल्डिंग सोडून गेली होती. दोघी वारल्या होत्या. वरची सून तेवढी नव्याने वाढली.

"यांना" म्हणजे मीच असेन असं नाही. खालच्या मजल्यावर एक हार्ट पेशंट होते.

३ फेब्रुवारी
हार्ट पेशंट २०१६ मध्ये राहायला आले.

५ फेब्रुवारी, बुधवार
बदलापूर गावात जाऊन आलो. शालनबाई पूर्वी आमच्या खालच्या मजल्यावर होत्या, आता माहेरच्या जागेत राहतात. प्रत्येक यादीत पहिलं नाव त्यांचंच, म्हणून त्यांना विचारणं योग्य.

अंगणात वाल सोलत होत्या. मला बघून उठल्या नाहीत. म्हणाल्या, "साहेब? तुमी? वाट चुकले काय?" मग म्हणाल्या, "कुमुदताई गेली ते मला भाजीवालीकडून कळलं. तुमच्याकडं माझा नंबर नव्हता, मान्य. तिच्या फोनात होता."

ग्राफ काढून दाखवला. म्हटलं, २०१३ नंतर तिला नावं आठवेनाशी झाली, असं दिसतं. तुमचं निरीक्षण काय?

त्यांनी कागद हातात घेतला नाही. म्हणाल्या, "आठवेना? माझ्या नातवाचा वाढदिवससुद्धा पाठ होता तिला. साहेब, तेरा साली हळदीकुंकवाला आमी वीसेक जणी बसलेलो. उखाणे चाललेले, हसून हसून पोट दुखत होतं. तुमी लवकर आले त्या दिवशी. कोणाकडं बघितलं नाय. बूट घालूनच सतरंजीवरून आत गेले. आणि किचनमध्ये तिला बोलले, 'किती वेळ चालणार आहे हे?'"

मी विचारलं, मी मोठ्याने बोललो का. "नाय. तुमी कधी मोठ्यानं बोलले? आमी सगळ्या एकदम गप झालो, म्हणून ऐकू आलं. पाच मिनिटांत सतरंजी रिकामी. ती दारात उभी राहून एकेकीला बोलत होती, चहा तरी घ्या, चहा तरी घ्या."

पुढचं त्यांनी वाल सोलता सोलताच सांगितलं. २०१५ ला तिने नऊ जणींना दुपारी बोलवलं, मी ड्युटीवर असताना. पुढच्या वर्षी चौघींना. "मग तुमी रिटायर झाले," म्हणाल्या. २०१७ ला एकट्या शालनबाईंना जिन्यात उभं करून हातावर तिळगूळ ठेवला. "माझा नवरा गेल्यावर मला हळदीकुंकवाला कोण बोलवतो? नाव पण काढत नाय. ती जिना उतरून स्वतः यायची. आणि शेवटी मला जिन्यात भेटायला लागली, चोरासारखी. हळूहळू तेपण बंद. बोलायला कोण नाय म्हटल्यावर माणूस बोलणंच विसरतो, साहेब. तुमच्या कागदात हाय काय ते?"

मला असं काही बोलल्याचं आठवत नाही, असं मी सांगितलं.

निघताना फॉर्मचं विचारलं. दुसरं कोणी नाही, हेही सांगावं लागलं. मग म्हणाल्या, "आठवड्यातून एकदा भेटायला लागतं ना? मग या दर बुधवारी. खोटं मी लिहून देणार नाय."

६ फेब्रुवारी
माहिती एकतर्फी आहे. शिवाय ते वाक्य सभ्य आहे. आवाज चढवलेला नाही. साधा प्रश्न आहे. कोणीही विचारील.

त्या दिवशी प्लांटवर एक बॅच फेल झाली होती. हे शालनबाईंना माहीत नाही. कुमुदलाही सांगितलं नव्हतं.

७ फेब्रुवारी
म्हणजे आठवत होतं.

१२ फेब्रुवारी, बुधवार
गेलो. पंधरा मिनिटं बसलो. त्यांनी वाल सोलायला दिले. निम्मे चुकीचे सोलले.

१५ फेब्रुवारी
अहवालाला आणखी मुदतवाढ.

१९ फेब्रुवारी, बुधवार
गेलो. विषय नसल्यामुळे पाण्याच्या टाकीबद्दल बोललो. त्या म्हणाल्या, "बोला, बोला. सवय होईल."

२६ फेब्रुवारी, बुधवार
महाशिवरात्र. शिवमंदिराच्या जत्रेमुळे रस्ते बंद. बदलापूरला न जाण्याचं हे सबळ कारण होतं. तसं लिहून ठेवणार, तोच बेल वाजली.

शालनबाई. दर्शन करून तीन मजले चढून आल्या होत्या. दम लागला होता. "बुधवार हाय," म्हणाल्या. आत आल्या, चपला दाराबाहेर काढल्या, आणि सोफ्यावर न बसता खाली बसल्या. जिथे सतरंजी घालायचे तिथेच. कुमुदच्या फोटोकडे पाहत होत्या.

चहा विचारला. केला. गाळताना त्या आत आल्या आणि माझ्या हातातलं गाळणं घेऊन उलटंसुलटं करून बघायला लागल्या.

"हे कुठलं?"

मी माळ्यावरच्या खोक्याचं सांगितलं. तिला साठवायची सवय लागली होती, आजाराचं पहिलं लक्षण बहुधा तेच, असं म्हटलं.

त्या म्हणाल्या, "उल्हासनगरला आमी दोघी गेलेलो. सिंध्याच्या दुकानात. ती त्याला बोलते, साईं, पाच डझन घेते, भाव नीट लाव. तो बोलतो, भाभी, होटल खोलना है क्या? किती हसलो आमी. वाण होतं ते, साहेब. लुटायला आणलेलं. चौदा सालचं, झालंच नाय ते."

चहा प्यायल्या. कप स्वतः धुतला.

मी खोकं खाली काढलं. सत्तावन्न शिल्लक. म्हटलं, हे तुम्ही घेऊन जा, यादीतल्या बायकांना द्या, यादी माझ्याकडे आहे.

यादी वाचली त्यांनी. बोट फिरवत, हळू. गेली. गेली. पुण्याला. मुलाकडे, अमेरिका. गेली. ही हाय, पण तिला आता कोण ओळखायला येत नाय, कुमुदताईसारखंच. "सहा-सात जणी उरल्यात," म्हणाल्या. "आणि त्यांना काय सांगून देऊ? अकरा वर्षांनी?"

खोकं परत वर ठेवलं.

५ मार्च, बुधवार
तपासणी. शालनबाई वेळेच्या आधी हजर. त्यांची मुलाखत पडद्याआड झाली. मला बाहेर बसवलं होतं, पण पडदा पातळ होता.

नेत्राने विचारलं, ओळखीच्या माणसांची नावं विसरतात का? "विसरायला आधी विचारायला लागतात गो."
तेच तेच पुन्हा बोलतात का? "एकदा बोलले तरी खूप झालं."
गेल्या दहा वर्षांत स्वभावात काही बदल? "काय नाय. पयल्यापासून असेच हायत." मग म्हणाल्या, "एक लिही. आता चहा विचारतात."

मग माझी परीक्षा. तारीख, वार, ठिकाण: बरोबर. शंभरातून सात-सात वजा: बरोबर. तीन शब्द सांगून नंतर विचारले: तिन्ही बरोबर. घड्याळ, पेन्सिल, दोन पंचकोन. शेवटी नेत्राने कोरा कागद पुढे केला. म्हणाली, "मनात येईल ते एक पूर्ण वाक्य लिहा, सर. काहीही. विचार करू नका."

विचार केला नाही. लिहिलं आणि कागद दिला.

तिने वाचलं आणि हसली. "झालंच सर, एवढंच होतं. कंटाळलात का?"

कागदावर होतं: किती वेळ चालणार आहे हे?

वाक्यात कर्ता आहे, क्रियापद आहे, अर्थ लागतो. पूर्ण गुण मिळाले.

शालनबाई स्टेशनपर्यंत बरोबर होत्या. त्यांनी कागद पाहिला नव्हता. मी सांगितलं नाही.

११ मार्च
नेत्राचा फोन. तीसपैकी तीस. "सर, तुमच्या वयात असा स्कोअर रेअर आहे हं." मला निरोगी गटात घेतलं आहे. आजारी माणसांशी तुलना करायला असा गट लागतो. चौदांपैकी एकच खूण माझ्या नावापुढे केली आहे. कोणती ते मी विचारलं नाही.

मी दुसरं विचारलं. माझी पत्नी पंचेचाळिसातली होती की पंचावन्नातली, हे आता कसं काढायचं? माझ्याकडे सगळे नमुने आहेत, २०१४ चासुद्धा.

ती हळू बोलली. "सर, ते तसं काढता येत नाही. हे आकडे लाखो लोकांवरून येतात. एका माणसाचं त्यातून सांगता येत नाही. मॅडमना कशामुळे झालं, काय केलं असतं तर झालं नसतं, हे कोणालाच कधी कळणार नाही."

हे ऐकून बरं वाटेल, असं वाटलं होतं.

१२ मार्च, बुधवार
आता जायची गरज नाही, फॉर्म भरून झाला. शालनबाईंना फोन करून तसं कळवलं. त्या म्हणाल्या, "बरं." मग फोन ठेवला.

कोणी ठेवला ते लिहायचं राहिलं. मी.

१३ मार्च
तक्त्यात एकटेपणाच्या ओळीत "लागू नाही" खोडलं. "लागू" लिहिलं. अहवालात शेवटी जबाबदार व्यक्तीचं नाव आणि सही असते. ती जागा रिकामी ठेवून फाइल बंद केली. असा अहवाल कंपनीत परत आला असता.

पुढची तपासणी दोन वर्षांनी. नेत्रा म्हणाली, काळजी करू नका सर, तोपर्यंत तुम्ही काही विसरायची शक्यता नाही.